खाचरातला धातू आणि शेताची मेर



२०२१ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात, कळणे या गावी, खनिज खाणीत साठलेले पावसाचे पाणी बांध फोडून खाली उतरले. तांबड्या चिखलाचा लोंढा घरांत शिरला, बागायती आणि शेते गाळाखाली गेली. काही दिवस वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकली आणि पाऊस ओसरला तशी चर्चाही ओसरली. पाणी व्हाळाने समुद्राला मिळाले. कुणग्यात साचलेला गाळ मात्र आपल्या पायांनी चालत निघून जात नाही. आजच्या विषयाचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

शेतात पडणाऱ्या बहुतेक घाणीला काळ हे औषध असते. पालापाचोळा कुजतो, शेणाचे खत होते, अनेक कीटकनाशकेही कालांतराने विघटित होतात. धातूचे तसे नाही. धातू हे मूलद्रव्य आहे. त्याला जिवाणू खाऊ शकत नाहीत, ऊन जाळू शकत नाही. म्हणून दूषित भातजमिनीपुढे तीनच मार्ग उरतात : धातू शेतात येण्याआधी अडविणे, आलेला धातू मातीतच बांधून ठेवणे, अथवा ती माती उपसून काढणे. पहिला मार्ग सर्वांत स्वस्त आणि तिसरा सर्वांत महाग. दुर्दैवाने समाजाला जाग येते ती बहुधा तिसऱ्या मार्गावर पोहोचल्यानंतरच.

जपानने मोजलेली किंमत

तांदूळ हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्या जपानने ही किंमत मोजली आहे. तोयामा प्रांतातील जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची खाण होती. खाणीच्या सांडपाण्यातील कॅडमियम नदीत, नदीतून पाटाच्या पाण्याने भातखाचरांत आणि तेथून भाताच्या दाण्यात उतरत गेले. तो भात खाणाऱ्या गावांत, विशेषतः प्रौढ स्त्रियांच्या, मूत्रपिंडांना इजा झाली. हाडे इतकी दुबळी झाली की खोकल्याच्या उबळीनेही मोडू लागली. त्यांच्या कण्हण्यावरूनच या रोगाला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने कॅडमियम हे या रोगाचे कारण असल्याचे मान्य केले आणि १९७१ साली न्यायालयाने खाणमालक कंपनीला जबाबदार धरले. पण निकालाने जमीन शुद्ध झाली नाही. सुमारे ८६० हेक्टर भातजमिनीत दूषित मातीवर वा तिच्या जागी नवी माती घालण्याचे काम तीन दशकांहून अधिक काळ चालले. ते २०१२ साली पुरे झाले. ज्या पिढीने खाचरे गमावली, त्या पिढीतील कितीतरी जणांना ती पुन्हा शुद्ध झालेली पाहता आली नाहीत.

सिंधुदुर्गाची गोष्ट वेगळी, पण निर्धास्त नव्हे

हे ऐकून कोकणात भय पसरविण्याचे कारण नाही. कळणे आणि रेडी येथील खनिज लोहाचे आहे, जस्ताचे नव्हे. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातून आर्सेनिक भातशेतीत येते. सिंधुदुर्गाचे खरिपाचे भात तर आकाशातून पडणाऱ्या पाण्यावर पिकते. येथील पहिले दुखणे आहे ते लोहाचे.

जांभ्याची माती मुळातच लोहयुक्त आणि आम्लधर्मी. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. डोंगर उघडा करून त्यावर खणलेल्या मातीचे ढीग रचले, की पहिल्या पावसाबरोबर बारीक तांबडा गाळ उतरणीने भाताच्या मळ्यात येणारच. शेजारच्या गोव्यात डिचोली तालुक्यातील मुळगाव, शिरगाव येथील शेतकऱ्यांनी हे अनेक वर्षे भोगले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबविले आणि २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. पण शेतात बसलेल्या गाळावर न्यायालयाचा हुकूम चालत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावरील लोकांना वाटेल, खाणी दूर आहेत. परंतु नदीला तालुक्याच्या सीमा ठाऊक नसतात. कणकवली तालुक्यात जानवली आणि वागदे परिसरात क्रोमाइटचे साठे आहेत. तेथून वाहणारी गड नदी मालवण तालुक्यातच समुद्राला मिळते. घाटाखाली जे उकरले जाईल, त्याचा हिशेब खाडीकाठच्या खाचरात होईल. खाणीमुळे रोजगार मिळतो, हे खोटे नाही. मात्र खनिज ट्रकांतून बंदरावर जाते आणि गाळ गावात राहतो, हेही तितकेच खरे आहे.

पाण्याखालची माती

भाताचे खाचर इतर शेतांसारखे नसते. चिखलणी करून पाणी कोंडले की काही दिवसांतच मातीतील प्राणवायू संपतो. मग तेथील जिवाणू लोहाच्या गंजातून आपली गरज भागवितात आणि एरवी न विरघळणारे लोह पाण्यात विरघळू लागते. ते प्रमाणाबाहेर गेले की मुळे तांबूस थराने माखतात, खालच्या पानांच्या टोकाकडून तपकिरी ठिपके पसरतात, फुटवे कमी येतात. करपा समजून यावर औषध फवारण्याची चूक सहज होऊ शकते. फवारणीचा पैसा जातो आणि रोग मातीत राहतो.

आर्सेनिक आणि कॅडमियम यांचा स्वभाव तर परस्परविरुद्ध आहे. खाचर सतत पाण्याखाली ठेवले तर आर्सेनिक सुटे होते आणि कॅडमियम बांधले जाते. खाचर कोरडे केले तर आर्सेनिक बांधले जाते आणि कॅडमियम मोकळे होते. म्हणून मातीत काय आहे हे जाणल्याशिवाय सर्वांना एकच उपाय सांगणारा मनुष्य कितीही विद्वान असला, तरी त्याच्या शब्दावर विसंबू नये.

उपाय मेरेपासून

लोहाच्या बाबतीत पहिला उपाय पाण्याच्या वाटेचा. कोकणात बहुधा वरच्या कुणग्यातले पाणी खालच्या कुणग्यात सोडले जाते, त्यामुळे वरचा गाळ आणि विरघळलेले लोह पायरीपायरीने साऱ्या मळ्यात पसरते. भरडाच्या पायथ्याशी, मळ्याच्या वर, आडवा चर खणून हे पाणी बाजूने व्हाळाकडे वळविले आणि वाटेत गाळ बसण्यासाठी खड्डा ठेवला, तर निम्मे काम होते. उघड्या उतारावर वाळा लावावा. त्याची खोल मुळे माती धरून ठेवतात. फुटलेल्या मेरा पावसाआधी बांधाव्यात. पावसाने उघडीप दिली की फुटव्यांच्या काळात काही दिवस खाचरातील पाणी काढावे. मातीत हवा शिरून लोह पुन्हा गंजरूपाने स्थिर होते.

गाळ साचलाच, तर तो सुगीनंतर, जमीन वाळल्यावर खरवडावा. खरवडलेला गाळ मेरेवर टाकू नये. पुढच्या मृगात तो परत खाली येतो. त्यानंतर चुना. किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करण्याची रीत जुनीच आहे. चुन्याने मातीचा सामू वाढतो आणि लोह, कॅडमियम यांचा उपद्रव घटतो. पण मात्रा माती तपासूनच ठरवावी, कारण अति चुन्याने पिकाला जस्त मिळेनासे होते. पालाश आणि स्फुरद यांची उणीव असलेल्या मातीत लोहाचा त्रास बळावतो, तेव्हा तीही भरून काढावी. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका विपुल असते. भाताचे मूळ सिलिका आणि आर्सेनिक एकाच वाटेने आत घेते; सिलिका मुबलक असेल तर आर्सेनिकाला वाट मिळणे कठीण होते. गिरणीबाहेर साचलेल्या तुसाचे मोल यावरून कळावे. शेणखत घालावे ते पुरते कुजलेले. कच्चा पाला गाडून लगेच पाणी कोंडले तर लोह अधिकच सुटते.

तपासणी आणि आपली जबाबदारी

२०१५ पासून देशभर जमीन आरोग्य पत्रिका दिल्या जात आहेत. त्यांत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, लोह, मंगल, जस्त आदी बारा गोष्टी तपासल्या जातात. परंतु तेथील दृष्टी मुख्यतः उणिवेची आहे. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, क्रोमियम या बारांत नाहीत. म्हणून खाणीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून या धातूंची वेगळी तपासणी मागितली पाहिजे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, तसेच गोव्यातील इला येथील किनारी कृषी संशोधन संस्था यांचा सल्ला त्यासाठी घेता येईल. नमुना सुगीनंतर, खत घालण्यापूर्वी घ्यावा. गाळ आलेल्या आणि न आलेल्या कुणग्यांचा वेगवेगळा घ्यावा. एकत्र केलेला नमुना सत्य झाकतो.

सारा दोष खाणीवर ढकलूनही चालणार नाही. वापरलेले विजेरीचे सेल आणि जुने रंगाचे डबे उकिरड्यावर टाकणारे हात घरातलेच असतात. शहरी कचऱ्याच्या खतासाठी शासनाने किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे ती उगाच नव्हे. ज्या व्हाळात गणरायाचे विसर्जन होते, त्याच व्हाळाचे पाणी पुढे वायंगणीच्या भाताला जाते. शाडूची मूर्ती आणि निसर्गातले रंग यांत भक्ती कणभरही उणी होत नाही, व्हाळ मात्र निर्मळ राहतो.

आणि शेवटची गोष्ट चाकरमान्यांची. मुंबईत स्थिरावलेल्या कुटुंबांची कितीतरी खाचरे आज पडीक आहेत. पडीक कुणग्याची मेर फुटते आणि त्या वाटेने गाळ शेजाऱ्याच्या पिकात शिरतो. भाताची एक लोंबीही न पिकविणारा मालकसुद्धा अशा रीतीने शेजारच्या भाताचे बरेवाईट ठरवीत असतो. गणपतीला गावी आल्यावर आरती-भजनाबरोबर एक सकाळ आपल्या शेताच्या मेरेवर घालवावी. पाणी कोठून येते, कोणत्या रंगाचे येते आणि कोणाच्या शेतात उतरते, ते डोळ्यांनी पाहावे, मुलांनाही दाखवावे.

सिंधुदुर्गाच्या घरात सकाळी उकड्या तांदळाची पेज वाढली जाते. तान्ह्या मुलालाही आणि आजाऱ्यालाही तिचाच आधार. ती पेज निर्धोक राहावी यासाठी आज लागणार आहे तो एक चर, थोडा चुना, मातीची तपासणी आणि गावाचा एकमुखी ठराव. जपानला तीन दशके लागली. कोकणाच्या हाती पहिला मार्ग अजून शिल्लक आहे.