एकवीस पत्री आणि एक पायरी

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नव्हे. नोकरीनिमित्त बेंगळुरूला आलो आणि इथलाच झालो, इतकीच माझी ओळख. तेव्हा आज एक अनुभव सांगतो आणि शेवटी मंडळाकडे एक मागणे मागतो.

काही वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीला कचेरीतले एक सहकारी घरी दर्शनाला आले. ते जन्मापासून दृष्टिहीन, मूळचे इकडच्याच एका खेड्यातले. पूजा आटोपली होती, उरलेली पत्री ताटात होती. आपण बाजारातून जुडी आणतो आणि गुरुजी सांगतील ते पान वाहतो. एकवीसपैकी पाच पाने तरी आपल्याला ओळखता येतील का, शंकाच आहे! या गृहस्थांनी एकेक पान बोटांत धरले, हुंगले आणि सांगू लागले, "हे गरिके, तुमच्या दूर्वा. हा मरुग, तुम्ही मरवा म्हणता तो. हे तीन पानांचं बेल." मी थक्क झालो. ते म्हणाले, "लहानपणी आजीबरोबर रानात हिंडायचो. शहरात आल्यापासून कुठे जायला मिळतं?"

ते वाक्य मला लागले. कारण कचेरीच्या सहलीची यादी दर वर्षी मीच करत होतो आणि 'उगीच त्यांना त्रास नको' म्हणून, त्यांना न विचारताच, त्यांचे नाव मीच गाळत होतो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे लालबागेत गेलो. हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केलेली ही सुमारे २४० एकरांची बाग आपण सर्वांनी पाहिली आहे. त्यांनी ती ऐकली, हुंगली, हाताने चाचपली. तिथल्या टेकडीचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा असून तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. उन्हाने तापलेल्या त्या खडकावर तळवा टेकून ते बराच वेळ बसून राहिले. मी तिथे अनेकदा चढलो असेन, पण खडकाला हात कधी लावला नव्हता.

मग आपल्या मंडळाची एक सहल आठवली. धबधब्यावर गेलो होतो. चाकाच्या खुर्चीवरच्या आपल्या काकू बसमध्येच बसून राहिल्या. खाली उतरायला पायऱ्या आहेत, हे आम्हांला आधी ठाऊक होते. आम्ही भिजून परत आलो, तेव्हा त्यांनी हसून विचारले, "पाणी खूप होतं का रे?" पुढच्या वर्षी त्यांनी नाव दिले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

एरिक वाइहेनमायर या दृष्टिहीन गिर्यारोहकाने २००१ मध्ये एव्हरेस्ट सर केले. एक पाय गमावलेली आपली अरुणिमा सिन्हा २०१३ मध्ये तिथे पोहोचली. आपण टाळ्या वाजवतो, पण आपल्या काकूंना एक पायरी अडवते, त्याचे काय?

कायदा आपल्या पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. पत्रीही एकवीस, हा योगायोगच! सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात यासाठीचे किमान नियम ऐच्छिक नव्हे, सक्तीचे हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. आपल्याच शहरात, फ्रेझर टाउनच्या कोल्स पार्कमध्ये, 'किलिकिली' या पालकांच्या गटाच्या पुढाकाराने दिव्यांग आणि इतर मुलांना एकत्र खेळता येईल अशी जागा तयार झाली. म्हणजे मनात आणले तर होते.

आपल्याला फार खर्च करायचा नाही. सहलीची जागा ठरवण्याआधी दोघांनी जाऊन चार गोष्टी पाहून याव्यात: खुर्ची जाईल अशी वाट, खुर्ची आत वळेल असे स्वच्छतागृह, थोड्या थोड्या अंतरावर बसायला बाक आणि सावली. दृष्टिहीन माणसाचा हात धरून त्याला ओढू नये, आपले कोपर त्याला धरू द्यावे. तीव्र उतारावर चाकाची खुर्ची उलटी, पाठीच्या बाजूने उतरवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 'जमेल का?' हे आपण ठरवू नये, त्या माणसाला विचारावे.

आता मागणे. यंदाची सहल लालबागेत काढू या. मेट्रोच्या लालबाग स्थानकात लिफ्ट आहे. टेकडीवर खुर्ची चढणार नाही, पण खालच्या सपाट रस्त्यांवर, जुन्या वृक्षांच्या सावलीत, दिवस कसा जाईल कळणार नाही. पत्रीतली झाडे ओळखण्याचा कार्यक्रम ठेवू. शिकवायला आमचे सहकारी येणार आहेत. या वेळी मी त्यांना विचारले आहे!

काकूंना मात्र मंडळातर्फे अध्यक्षांनी स्वतः घरी जाऊन आमंत्रण द्यावे. आपल्या हातून राहिले होते ते.

गणपती बाप्पा मोरया!