कामगार संघटना : हक्क कुणाचा, राजकारण कुणाचे?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



या व्यासपीठावर विद्वान वक्ते बोलून गेले आहेत. मी डिप्लोमा केलेला, बांधकामाच्या साइटवर उभा राहणारा शासकीय नोकर. आचरण नियम असल्यामुळे कोणत्याही पक्षाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणार नाही. पण कामगारांच्या हक्कांविषयी बोलायला नियम आड येत नाहीत.

आपण इंदूरकर अनंत चतुर्दशीला रात्रभर जागून झांक्या बघतो. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, भंडारी ही नावे त्या रात्री आपण पुन्हा ऐकतो. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण कामगारांनी वर्गणी काढून झांक्या चालू ठेवल्या. संघटना म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

थोडे मागे जाऊ. रविवारची सुट्टी आपल्याला आपोआप मिळालेली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. त्यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचे निवेदन दिले. आठवड्याची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 रोजी. म्हणजे एका रविवारसाठी सहा वर्षे लागली.

पुढे 1908 मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस याप्रमाणे सहा दिवस संप केला. त्यात पगारवाढीची मागणी नव्हती. तेव्हा कामगार आणि राजकारण यांचे नाते आजकालचे नाही.

1920 साली मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकची स्थापना झाली. 1926 साली ट्रेड युनियन कायदा आला. त्यात एक कलम फार शहाणपणाचे होते. राजकीय कामासाठी युनियनला वेगळा निधी काढता येईल, पण त्यात वर्गणी देण्याची सक्ती सभासदावर करता येणार नाही. राजकारण करा, पण ज्याला नको आहे त्याच्या खिशातून नको, असा त्याचा साधा अर्थ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1938 मध्ये संपावर बंधने घालणारे विधेयक मुंबई प्रांतात आले, तेव्हा 7 नोव्हेंबरला त्याविरुद्ध संप झाला आणि त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एकत्र उभे राहिले. मतभेद पुष्कळ होते, पण प्रश्न कामगाराचा होता. आपल्या मध्य प्रदेशाचाही यात वाटा आहे. दत्तोपंत ठेंगडींनी 23 जुलै 1955 रोजी, टिळक जयंतीला, भारतीय मजदूर संघ स्थापन केला तो भोपाळमध्ये. आणि आपल्या इंदूरने 1962 साली कामगार नेते होमी दाजी यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले.

मग बिघडले कुठे? मुंबईच्या 1946च्या कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला ‘प्रातिनिधिक’ दर्जा मिळे. आपल्याकडच्या 1960च्या कायद्यातही तीच पद्धत होती. हेतू चांगला होता, दहा युनियन दहा करार मागणार नाहीत. पण कामगाराचा विश्वास एका संघटनेवर आणि मान्यता दुसरीला, असे झाले तर? 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत तेच झाले. अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले आणि मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली. ज्यांच्याशी बोलायला हवे, त्यांच्याशी मालक आणि सरकार बोलेनात. 1984 साली सामंत स्वतः लोकसभेवर निवडून आले, पण हजारो कामगार गिरणीत परत गेलेच नाहीत. नेता निवडून आला म्हणजे कामगार जिंकला, असे होत नाही.

आता आपल्या हुकुमचंद मिलकडे या. गिरणी 1991-92च्या सुमारास बंद पडली, पुढे दिवाळखोरीत निघाली. पूर्वी अशा वेळी तारण असलेल्या बँका आधी, कामगार मागे, असा हिशेब असे. 1985 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीला आली. ही दुरुस्ती संसदेत झाली, म्हणजे राजकारणातून आली. पण कायदा पुस्तकात असतो, पैसे कोर्टात अडकतात. कामगार वर्षानुवर्षे सभा घेत राहिले, तारखांना जात राहिले. अखेर 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 4,800 कामगारांसाठी 224 कोटींच्या आसपास रक्कम सुपूर्द झाली. तोवर कित्येकांनी डोळे मिटले होते, वारसांनी पैसे घेतले.

यातून मला एवढेच कळते: हक्क कायद्यात आणायला राजकारण लागते, आणि कायद्यातला हक्क हातात पडायला संघटना लागते. एकाने दुसऱ्याचे काम करू नये, आणि एकाने दुसऱ्याचे पाय धरू नयेत.

आता थोडे कडू बोलतो. आम्हा कायम नोकरदारांच्या संघटना आहेत. महागाई भत्ता, पेन्शन यांवर आम्ही मोर्चे काढतो, काढायलाही हवेत. पण त्याच साइटवर ठेकेदाराचा मिस्त्री, बेलदार, विटा वाहणारी बाई यांची संघटना कुठे आहे? बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कल्याण मंडळाकडे जातो. ठेकेदाराच्या बिलातली ती कपात मी कित्येक वर्षे मांडत आलो आहे. पण साइटवर विचारले की, “भाऊ, नोंदणी केली का?” तर बहुतेकांचे उत्तर येते, “कसली नोंदणी, साहेब?” अठरा ते साठ वयाचा, वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर राबलेला कामगार नोंदणीला पात्र आहे. पैसा त्याच्या नावाने जमा होतो आणि त्याला पत्ता नसतो. ज्याला संघटना नाही, त्याचा कायदा असा कपाटात राहतो.

म्हणून मंडळाला एक विनंती. या उत्सवानंतर महिन्यातला एक रविवार आपल्या सभागृहात नोंदणी मदत केंद्र चालवावे. फॉर्म भरायला आपली कॉलेजची मुले, नव्वद दिवसांच्या दाखल्याचे समजावायला माझ्यासारखे दोघे-तिघे. आपापल्या घराचे काम करणाऱ्या मिस्त्रीला प्रत्येकाने तेवढे सांगून पाठवावे. यात कोणताही पक्ष नाही, झेंडा नाही. कागद, पेन आणि दोन तास लागतील. माझे नाव पहिल्या रविवारसाठी लिहून घ्या.