वाचकांनीं रचलेलें पान



वर्तमानपत्र म्हटलें कीं त्यास संपादक हा असावयाचाच, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. कोणती बातमी पहिल्या पानावर घ्यावयाची आणि कोणती केराच्या टोपलींत टाकावयाची, हें त्यानें ठरवावें. वाचकानें वाचावें, आणि फार तर एखादें पत्र धाडून त्याच्या मर्जीची वाट पाहावी. आज ज्या उद्योगाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, त्यानें हा संबंधच उलटा केला. तेथें वाचण्याजोगा मजकूर वाचकानेंच शोधून आणावयाचा, आणि तो वर चढावा कीं खालीं जावा याचा निवाडाही वाचकांनींच मत देऊन करावयाचा. या उद्योगाचें नांव रेडिट.

इ. स. २००५ च्या वसंत ऋतूंत अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन, पॉल ग्रॅहम यांचें व्याख्यान ऐकण्यासाठीं मॅसॅच्युसेट्समध्यें केंब्रिज येथें गेले. ग्रॅहम हे आपल्या संकेतस्थळावर निबंध लिहीत असत, आणि संगणकाचे तरुण जाणकार ते निबंध आवडीनें वाचीत. त्याच वर्षीं त्यांनीं सहकाऱ्यांसह नव्या उद्योगांना अल्प भांडवल देणारी वाय कॉम्बिनेटर ही संस्था काढली. या दोघां मित्रांची मूळ कल्पना मोबाइल फोनवरून खाद्यपदार्थ मागविण्याची होती. ती नापसंत झाली. दोघे आगगाडीनें परत निघाले असतां ग्रॅहम यांचा निरोप आला कीं, कल्पना बदलणार असाल तर या. मग दुसरी कल्पना निघाली ती अशी: इंटरनेटवर रोज जें कांहीं वाचण्याजोगें प्रसिद्ध होतें, त्याचें एक पहिलें पान असावें, आणि तें वाचकांनीं रचावें. १२,००० डॉलर भांडवलावर जून २००५ मध्यें तें पान सुरू झालें.

परंतु वाचकांनीं रचावयाचें पान वाचक येण्यापूर्वीं कोणीं रचावयाचें? लग्नघरीं पंगत मांडली तरी पहिला पाहुणा पाटावर बसेपर्यंत बाकीचे दारांतच घुटमळतात. रिकामें पान पाहून आलेला वाचक माघारीं जातो, आणि वाचक माघारीं जातात म्हणून पान रिकामें राहतें. या दोघांनीं त्यावर केलेला उपाय पुढें स्वतःच उघडपणें सांगितला आहे. त्यांनीं अनेक खोटीं नांवें घेतलीं आणि त्या नांवांनीं स्वतःच रोज नवे नवे दुवे पानावर चढविले. ग्रॅहम यांनींही आपल्या निबंधांचा वाचकवर्ग तिकडे वळविला. कांहीं महिन्यांनीं असा एक दिवस उजाडला कीं, दोघांनीं कांहींच घातलें नाहीं, तरीही पान भरलेलेंच होतें. माझ्या मतें या उद्योगाचा खरा जन्म त्या दिवशीं झाला.

आतां या पानाचें गणित पाहा. २००८ सालीं त्यांनीं आपली रीत प्रसिद्ध केली. तींत पहिल्या दहा मतांचें जें वजन, तेंच पुढील नव्वद मतांचें. आणि साडेबारा तास जुन्या मजकुरास नव्याच्या बरोबरीनें उभें राहावयाचें तर त्याच्या दसपट मतें हवींत. म्हणजे लोकप्रियतेस मान आहे, पण जुन्या लोकप्रियतेस कायमचें सिंहासन नाहीं. आरंभानंतर सोळा महिन्यांनीं, ऑक्टोबर २००६ मध्यें, कॉन्डे नास्ट या मोठ्या प्रकाशनसंस्थेनें हें पान विकत घेतलें.

याच जातीचा एक थोरला प्रतिस्पर्धी होता. त्याचें नांव डिग. केव्हिन रोझ यांनीं सहकाऱ्यांसह तें सान फ्रान्सिस्को येथें २००४ च्या डिसेंबरांत सुरू केलें होतें, आणि आरंभीं तें रेडिटहून पुष्कळच मोठें होतें. ऑगस्ट २०१० मध्यें चालकांनीं त्याचें रूप एकाएकीं पालटलें. मजकूर खालीं ढकलण्याचा वाचकांचा अधिकार काढून घेतला, आणि मोठ्या प्रकाशकांस आपला मजकूर परस्पर चढविण्याची मोकळीक दिली. वाचकांनीं निषेध म्हणून डिगचें पहिलें पान रेडिटच्या दुव्यांनीं भरून टाकलें, आणि मग पुष्कळ जण तिकडेच निघून गेले. २०१२ सालीं डिग तुकड्यातुकड्यांनीं विकलें गेलें.

येथें एक प्रश्न मला फार दिवस छळीत आला आहे. ज्यांनीं आरंभींच खोटीं नांवें घेतलीं, त्यांस प्रामाणिक म्हणावें काय? याचें उत्तर मला माझ्याच एका चुकींत सांपडलें.

शिक्षक असतांना मीं मुलांचें एक हस्तलिखित मासिक काढलें होतें. पहिल्या अंकास मजकूर येईना, तेव्हां मींच तीन टोपणनांवांनीं एक कोडें, एक प्रवासवर्णन आणि एक पत्र लिहिलें. तिसऱ्या अंकापासून मुलांचे लेख येऊं लागले आणि माझीं तिन्ही नांवें मावळलीं. त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाहीं. पण पुढें एका मुलानें शाळेंतील पिण्याच्या पाण्याविषयीं कडक शब्दांत लिहिलें. त्यानें लिहिलेलें सर्व खरें होतें. वरिष्ठांस तें रुचणार नाहीं या भीतीनें मीं त्यांतील दोन वाक्यें त्यास न विचारतां बदललीं, आणि खालीं नांव मात्र त्याचेंच ठेविलें. अंक वर्गांत फिरल्यावर तो मजजवळ येऊन एवढेंच म्हणाला, "गुरुजी, हें मीं लिहिलेलें नाहीं." त्यानें मासिकासाठीं पुन्हां एक ओळही लिहिली नाहीं.

नोव्हेंबर २०१६ मध्यें रेडिटवर नेमकें हेंच घडलें. हफमन तेव्हां संस्थेचे मुख्य चालक होते. एका राजकीय गटांतील सभासद त्यांस शिवीगाळ करीत होते. हफमन यांनीं रागाच्या भरांत त्या लेखनांतील आपलें नांव गुपचूप काढलें आणि तेथें त्या गटाच्या व्यवस्थापकांचीं नांवें घातलीं. प्रकार उघडकीस आल्यावर त्यांनीं तो कबूल करून जाहीर माफी मागितली. शब्द थोडेच बदलले होते. पण दुसऱ्या कोणाचें लिहिणें असेंच बदललें गेलें नसेल कशावरून, ही शंका मागें राहिलीच.

खोट्या नांवानें स्वतःचा मजकूर घालणारा इतरांसाठीं जागा धरून ठेवतो. ते आले कीं त्यानें उठावयाचें असतें. म्हणून मी त्यास निर्दोष म्हणत नाहीं, पण तो दोष क्षम्य मानतों. खऱ्या माणसाच्या नांवाखालीं त्याचे नसलेले शब्द ठेवणारा मात्र त्या माणसाची जागाच हिरावून घेतो. मार्च २०२४ मध्यें रेडिटचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत विक्रीस आले. ज्या पानास आरंभीं दोघांनींच भरावें लागत होतें, त्याची आज तेथें बोली होते. तरीही त्या पानाचें मूळ भांडवल म्हणजे, आपण लिहिलेलें तसेंच राहील, हा अनोळखी वाचकाचा विश्वास होय. आपल्या गांवीं, आपल्या मंडळांत किंवा शाळेंत कोणी असें समाईक पान सुरू करील, तर पहिल्या दिवशीं त्यानें खुशाल स्वतः राबावें. मात्र दुसऱ्याच्या ओळीस हात लावण्यापूर्वीं त्यास विचारावें. मीं तें केलें नाहीं, म्हणून आज आपणांस सांगतों.