टाळ वाजत राहू द्या
(परिचारिकांच्या राज्य अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



 समोर बसलेल्या कित्येक जणी नाइट ड्युटी संपवून, घरी मुलांचे डबे भरून, थेट एसटी पकडून इथे आल्या आहेत. काहींना संध्याकाळी पुन्हा वॉर्डात हजर व्हायचं आहे. तुमच्या या वेळेची मला जाण आहे, म्हणून मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे.

'टीम' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. ओटीची टीम, आयसीयूची टीम, कॅज्युअल्टीची टीम. पण पाच माणसं एका खोलीत एकाच पेशंटभोवती उभी राहिली म्हणजे टीम झाली का? ३४ वर्षांच्या नोकरीत मी याचं एक उत्तर गाठीला बांधलं आहे. जिथे सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस सगळ्यात वरच्या माणसाला 'थांबा' म्हणू शकतो, ती टीम. आणि ते म्हणणं ज्याच्यामुळे सोपं होतं, तो तिचा नेता.

हे मला एका मॉपने शिकवलं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पोटाचं मोठं ऑपरेशन, मी स्क्रबला, म्हणजे सर्जन सरांच्या हाती अवजारं द्यायला. ऑपरेशन लांबलं होतं, पेशंटचं बीपी उतरत होतं, भूलतज्ज्ञ 'आवरा, आवरा' म्हणत होते. मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात. आम्ही तीन गठ्ठे उघडले होते, म्हणजे १५. पोट बंद करण्याआधी मोजले, तर १४. मी म्हटलं, "सर, एक कमी आहे." सर म्हणाले, "नीट मोजा." मी पुन्हा मोजले. १४. सरांनी धाग्यासाठी हात पुढे केला आणि मी धागा दिला.

मी धागा दिला, हे वाक्य मी कितीतरी वर्षं कुणाला सांगू शकले नव्हते. मला मोजता येत होतं, नियम पाठ होता, धोका कळत होता. तरी दिला.

तेवढ्यात दारापाशी बादली घेऊन उभ्या असलेल्या आमच्या मावशी बोलल्या. "साहेब, बादलीत नाही तो. मी एकेक उलगडून बघितलाय. सिस्टर बरोबर सांगताहेत." ओटीत क्षणभर फक्त मॉनिटरचा आवाज. सरांचे हात थांबले. त्यांनी पुन्हा आत हात घातला आणि आतड्यांच्या मागून, रक्ताने भिजून अगदी मांसासारखा दिसणारा मॉप बाहेर काढला. पेशंट दहाव्या दिवशी चालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी सगळ्यांना बोलावलं, मावशींनाही. म्हणाले, "काल मी घाई केली. आजपासून सिस्टर मोठ्याने 'मोजणी पूर्ण' म्हणेपर्यंत मी धागा मागणार नाही." निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते पाळलं. नेतृत्वाचे अनेक वर्ग मी पुढे केले, पण त्या दोन वाक्यांच्या पलीकडचं फारसं काही कुणी शिकवलं नाही.

आता यातली खरी गोम. त्या दिवशी पेशंट वाचला तो मावशींच्या धाडसामुळे. दुसरी कुणी त्या जागी असती आणि गप्प राहिली असती, तर? कुणाच्या तरी अंगच्या धाडसावर आपण पेशंटचा जीव टांगून ठेवू शकत नाही. मावशींचं ते बोलणं रोजचं, साधं, बिनजोखमीचं व्हायला हवं.

वरच्या माणसापुढे गप्प राहण्याचं हे दुखणं एकट्या रुग्णालयांचं नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर, धुक्याने भरलेल्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. धडक देणाऱ्या विमानाचा कॅप्टन त्याच्या कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा माणूस. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान दौडवलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलं, ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नाही ना? कॅप्टनने ठामपणे शंका झटकली. इंजिनिअर पुढे बोलला नाही. माझ्या हातून धागा दिला गेला, तशीच ही गोष्ट.

विमान कंपन्यांनी यातून धडा घेतला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस एका अमेरिकन विमानाचं इंधन, सहकाऱ्यांनी सूचना देऊनही, हवेतच संपलं. त्यानंतर तिथे वैमानिकांना नवं शिक्षण सुरू झालं. कनिष्ठाने कसं बोलावं आणि ज्येष्ठाने कसं ऐकावं, या दोन्हींचं शिक्षण. त्याचं फळ १९ जुलै १९८९ रोजी दिसलं. डेनव्हरहून शिकागोला निघालेल्या विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमान वळवण्याची सगळी यंत्रणा निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांमध्ये बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये बोलावून घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे दांडे त्याच्या हाती दिले. चौघांनी मिळून विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स नंतर आयुष्यभर सांगत राहिले की हे एकट्याचं काम नव्हतं. पूर्वी कॅप्टनचा शब्द शेवटचा मानला जायचा, पण असं विमान कसं उतरवायचं हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते कबूल करणं हीच त्यांची ताकद ठरली.

आपल्या क्षेत्रात ही जाग यायला वेळ लागला. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी आणली. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं त्या डॉ. अतुल गवांदे यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, याचा मला आपुलकीने अभिमान वाटतो. यादी साधी आहे. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी, असं तीनदा थांबायचं आणि ठरलेले प्रश्न मोठ्याने विचारायचे. जगातल्या आठ शहरांत, त्यात नवी दिल्लीही होती, ती वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं आणि मोठ्या गुंतागुंतींचं ११ वरून ७ टक्क्यांवर. औषध नवं नाही, यंत्र नवं नाही, फक्त थांबणं आणि बोलणं.

पण पुढचंही सांगायला हवं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना अशी यादी लागू झाली. २०१४ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही. यादी तशीच होती, मग असं का? याला अनेक कारणं सांगितली गेली. मला माझ्या ओटीत दिसलेलं कारण असं : दुपारी दोन वाजता बसून दिवसभराच्या याद्यांवर एकदम बरोबरच्या खुणा केल्या जातात. फॉर्म भरला जातो, कुणी थांबत नाही, कुणी बोलत नाही. तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हीही ते पाहिलं आहे. कागदाने टीम बनत नाही. कागद हे बोलायला दिलेलं निमित्त आहे. निमित्ताचा उपयोग करून घेणं माणसांच्या हातात आहे.

आणखी एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. १९९०च्या दशकात एमी एडमंडसन या अभ्यासक अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी होत असणार, अशी त्यांची अटकळ. आकडे उलटे आले. जिथे इनचार्ज सिस्टर चांगली, तिथे चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला : तिथे चुका जास्त होत असतील असं नव्हे, तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या.

मी एका वॉर्डात इनचार्ज म्हणून रुजू झाले तेव्हा चुकांच्या वहीचं शेवटचं पान तीन वर्षांपूर्वीचं होतं. आधीच्या साहेबांना त्या कोऱ्या वहीचं कौतुक होतं. मी चौकशी केली. तीन वर्षांपूर्वी एका नव्या सिस्टरने आपणहून लिहिलं होतं की शेजारच्या बेडचं इंजेक्शन चुकून दुसऱ्याला दिलं. पेशंटला काही झालं नव्हतं. पण तिला मेमो मिळाला, वेतनवाढ अडली, आणि दोन्ही पेशंटची आडनावं सारखी होती, बेड शेजारी होते, ही मुळातली गोष्ट तशीच राहिली. त्या दिवसापासून वॉर्डात चुका 'बंद' झाल्या. भगिनींनो, कोरी वही म्हणजे निर्दोष वॉर्ड नव्हे. तो घाबरलेला वॉर्ड असतो. आम्ही ती वही पुन्हा सुरू केली, तेव्हा पहिली नोंद मी माझ्या स्वतःच्या चुकीची केली. महिनाभर दुसरं कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या महिन्यात चार नोंदी आल्या. सारख्या आडनावांचे पेशंट आम्ही लांबच्या बेडवर ठेवू लागलो, ते त्यातल्या चौथ्या नोंदीमुळे.

हे सगळं परदेशातून शिकून आणायचं आहे, असं मात्र समजू नका. ज्ञानोबा माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. शेकडो दिंड्या, हजारो टाळ. चोपदार आपला चोप उंचावतो आणि एवढा मोठा तळ शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, काय झालं ते ऐकून घेतो, तिचं समाधान करतो. टाळ थांबतात आणि मग आरती होते.

विचार करा. गप्प राहण्याची खूण झाल्यावरही वाजत राहिलेला टाळ तिथे बेशिस्त ठरत नाही. तीच शिस्त आहे. चोप उंचावण्याचा अधिकार ज्याचा, चालत जाऊन ऐकण्याचं काम त्याचंच. आपल्या राउंडला हे का येऊ नये?

म्हणून काही गोष्टी मी कळकळीने मागते आहे.

पहिलं, हँडओव्हर बेडपाशी उभं राहून द्या, पेशंटच्या समोर. डॉक्टरांना रात्री फोन करताना चार गोष्टी क्रमाने सांगा : आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. ही पद्धत अमेरिकन आरमारातून रुग्णालयांत आली. यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यापाशी आपण अडखळतो, कारण 'मला वाटतं' म्हणायची आपल्याला सवयच लावलेली नाही. शिकाऊ मुलींकडून ती दोन वाक्यं पहिल्या वर्षापासून म्हणून घ्या.

दुसरं, शंका दोनदा सांगा. पहिल्यांदा ऐकलं गेलं नसेल असं धरून चाला. दुसऱ्यांदाही ऐकलं नाही, तर वरच्या माणसाला कळवा, आणि ते कळवणं चहाडी मानू नका. मी त्या दिवशी दुसऱ्यांदा नुसता आकडा सांगितला आणि धागा दिला. 'सर, मी धागा देऊ शकत नाही,' एवढं वाक्य माझ्याजवळ नव्हतं. ते तुमच्याजवळ असू द्या.

तिसरं, इनचार्ज सिस्टरांना. डॉक्टर आपलं ऐकत नाहीत अशी आपली तक्रार असते आणि ती खरी आहे. पण आपण मावशींचं, मामांचं, कंत्राटी मुलीचं किती ऐकतो? ज्या जिन्यावर आपण वर बघून रडतो, त्याच जिन्याच्या खालच्या पायरीवर कुणीतरी आपल्याकडे बघत असतं.

चौथं, शासन आणि व्यवस्थापनाला. अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटमागे एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. चाळीस पेशंटमागे एका सिस्टरला उभं करायचं आणि टीमवर्कची कार्यशाळा घ्यायची, हे आता थांबवा. दर अकरा महिन्यांनी ज्याचं कंत्राट संपतं, तो माणूस 'थांबा' म्हणायचं धाडस कुठून आणणार? पदं भरा. टीम बनायला माणसं लागतात, आणि ती एकमेकांसोबत टिकावी लागतात.

शेवटी पुन्हा आमच्या मावशी. त्या तपासणी यादीत चीर घेण्याआधी एक पायरी आहे : ओटीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. वेळ जातो म्हणून ती सर्वांत आधी गाळली जाते. पण जो सुरुवातीला एकदा बोलला, त्याला पुढे अडचणीच्या वेळी बोलणं सोपं जातं, यासाठीच ती ठेवलेली आहे. मावशींबरोबर मी अकरा वर्षं काम केलं. त्यांचं पूर्ण नाव मला कळलं ते त्यांच्या निवृत्तीच्या ऑर्डरवर. ज्या बाईमुळे एक जीव वाचला आणि मी एका जन्माच्या अपराधातून सुटले, तिला मी अकरा वर्षांत नाव विचारलं नव्हतं.

आज संध्याकाळी किंवा उद्या तुम्ही परत ड्युटीवर जाल. हँडओव्हर घेण्याआधी दोन मिनिटं काढा. वॉर्डातल्या मावशींना, मामांना, नव्या मुलीला त्यांचं पूर्ण नाव विचारा आणि आपलं सांगा. मग म्हणा, "माझं काही चुकताना दिसलं, तर मला थांबवा."