पहिली रायफल

(वसंत व्याख्यानमालेत सोलापूर येथे दिलेले व्याख्यान)



कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे या तरुणाने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकात 50 मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळविले, आणि तेव्हापासून आपल्याकडील पुष्कळ आईबापांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला आहे, तो असा की, आमच्या मुलाला किंवा मुलीला नेमबाजीची हौस आहे, तर पहिली रायफल कोणती घेऊन द्यावी? प्रश्न सद्भावनेचा आहे, त्यामागे मुलांविषयीची माया आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर दुकानातील किमतीच्या यादीवरून न देता त्या मुलाचा खांदा, कोपर, गाल आणि श्वास पाहून द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या विद्येशी मराठी माणसाचा संबंध आजकालचा नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनीच 1951 साली राष्ट्रीय रायफल संघटनेचा पाया घातला आणि तिचे पहिले अध्यक्षपदही भूषविले. आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या होतकरू नेमबाजाला ज्या पायरीवरून चढावे लागते, त्या स्पर्धेला त्यांचेच नाव आहे. संसदेच्या सभागृहात शब्दाची शिस्त राखणाऱ्या पुरुषाला बंदुकीच्या शिस्तीचे महत्त्व जाणवावे, यात मला विलक्षण औचित्य वाटते.

आता ज्या शस्त्राविषयी आपण बोलत आहोत, त्याची ओळख करून घेऊ. ज्याला आपण ‘पॉइंट टू टू’ म्हणतो, त्याच्या नळीचा व्यास 5.6 मिलिमीटर असतो, आणि त्यात जे लाँग रायफल जातीचे काडतूस वापरले जाते, ते अमेरिकेत 1887 साली प्रचारात आले. या काडतुसाचा पेटता मसाला त्याच्या तळाच्या कडेत भरलेला असतो. रायफलीची पिन त्या कडेवर आघात करते आणि कडा चेपली की ठिणगी पडते. एकदा चेपलेली कडा पुन्हा उपयोगाची राहत नसल्यामुळे मोठ्या काडतुसांप्रमाणे ही घरी भरून पुन्हा वापरता येत नाहीत, आणि नेमबाजीचा खर्च रायफलीच्या किमतीत संपत नाही हे पालकांनी प्रारंभीच ध्यानात घ्यावे, याचे एक कारण हेच आहे. धक्का अल्प, आवाज बेताचा, म्हणून कोणी या गोळीला खेळणे समजू नये. अवघ्या अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची ही गोळी एक मैलाहूनही दूर जाऊन इजा करू शकते, आणि आपल्या सोलापूरभोवतीचा माळ असा उघडा आहे की तिला अडवायला कोसभर टेकडी लागत नाही. याच माळावर, नान्नजच्या अभयारण्यात, माळढोक आणि काळवीट यांच्या रक्षणासाठी लोकांनी आयुष्ये वेचली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. तरीही एअर रायफल हाती येताच होला किंवा तितर यांच्यावर नेम धरून पाहण्याचा मोह मुलांना होतो, आणि तो मोह ज्या घरात कौतुकाने हसण्यावारी नेला जातो, त्या घरात रायफल जाऊ नये असे मी स्पष्टपणे म्हणतो. नेमबाजीची जागा म्हणजे रेंज. मागे मातीचा भक्कम बांध आणि शेजारी जाणता शिक्षक असलेली.

तेव्हा पहिला हंगाम खरेदीविना जाऊ द्यावा. एन.सी.सी.च्या छात्रांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली जुनी ‘टू टू’ रायफल ओबडधोबड असेल, तिच्या दस्त्याचे लाकूड शेकडो हातांनी काळवंडले असेल, पण तिच्यावर शिकणाऱ्याला आपला दोष रायफलीवर ढकलता येत नाही. अंजली भागवत यांच्या हाती रायफल आली ती मुंबईच्या कॉलेजात एन.सी.सी.मुळे, आणि पुढे 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकात त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. क्लबच्या रायफलीवर हंगामभर नियमाने येणारे मूल कोण आणि दोन महिन्यांत कंटाळणारे कोण, हे आपोआप उमगते; पालकांचा पैसा वाचतो हा लाभ गौण, मुलाच्या मनावर महागड्या वस्तूचे ओझे पडत नाही हा लाभ मोठा.

मात्र हंगाम संपल्यावरही ज्याचा ओढा टिकून आहे, त्याला स्वतःची रायफल द्यायला मागेपुढे पाहू नये. आणि येथे खरा विचार सुरू होतो. वाढत्या मुलाचा गणवेश दोन बोटे मोठा शिवण्याची आपल्या घरांतील रीत शहाणपणाची असली, तरी ती रायफलीला लावणे घातक आहे. दस्ता लांब असला की मूल मान पुढे ताणते, गाल दस्त्यावर टेकविण्याऐवजी डोळा साइटकडे ओढून नेते, आणि ही वाकडी मान वर्षभरात अशी हाडीमाशी खिळते की पुढे उत्तम शिक्षकालाही ती सोडविता येत नाही. मुलाला रिकामी रायफल खांद्याशी लावून उभे करा, डोळे मिटायला सांगा, गाल सहज टेकू द्या, मग डोळे उघडायला सांगा: मागच्या पीप साइटच्या छिद्रातून पुढची कडी जर मान न हलविता समोर दिसली, तर दस्ता त्याच्या मापाचा आहे, दिसली नाही, तर गालाची पट्टी आणि दस्त्याची लांबी कमीजास्त करता येते की नाही ते पाहा, आणि येत नसेल तर ती रायफल कितीही नामांकित कारखान्याची असो, ती सोडून द्या. बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य चापावर सरळ पडला पाहिजे, तळहात दस्त्याला आवळावा लागता कामा नये. डावखुऱ्या मुलाला डावखुरा दस्ता द्यावा. आणि उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ आहे की काय, हे अंगठ्याच्या साध्या चाचणीने आधीच पाहावे, कारण या एका गोष्टीवाचून मुलांची वर्षे फुकट गेलेली मी पाहिली आहेत.

वजनाविषयीही असेच. उभ्याने नेम धरताना रायफलीचा भार दंडाच्या स्नायूंनी पेलायचा नसतो; डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकून तो भार सांगाड्यामार्गे जमिनीत उतरवायचा असतो. स्पर्धेत एअर रायफलीला 5.5 किलोपर्यंत वजनाची मुभा आहे, म्हणून बारा-तेरा वर्षांच्या कोवळ्या कण्यावर तेवढा भार लादणे म्हणजे विद्येच्या नावाखाली शरीराची हानी करणे होय. पहिली रायफल हलकी घ्यावी. मूल वाढेल तसे पोलादी वजनाचे तुकडे जोडता येतात.

स्वतःची पहिली रायफल एअर रायफलच असावी, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण केवळ सोय हे नव्हे. एअर रायफलचा 4.5 मिलिमीटरचा छर्रा काडतुसाच्या गोळीच्या जवळजवळ निम्म्या वेगाने नळीतून निघतो, त्यामुळे तो नळीत अधिक काळ असतो, आणि चाप ओढल्यानंतर हाताने केलेली कुचराईसुद्धा लक्ष्यावर जशीच्या तशी उमटते. 10 मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. याहून कठोर आणि याहून प्रामाणिक गुरू शोधून सापडणार नाही. शिवाय 4.5 मिलिमीटरच्या आणि 20 ज्यूलच्या मर्यादेतील एअर रायफलीला परवाना लागत नाही. ‘टू टू’ला मात्र शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि तालुक्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज, चौकशी आणि दप्तरी नोंद यांखेरीज गत्यंतर नाही. कायद्याने सर्वसाधारण परवाना 21 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. बारा वर्षांपुढील नेमबाजाला सरावापुरती, जाणत्या प्रौढाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली मुभा असते. कागदपत्रांच्या या कटकटीला कोणी कंटाळू नये. शस्त्राची जबाबदारी कोणाच्या शिरावर आहे हे सरकारदरबारी लिहिलेले असणे, हे मुलाच्याच हिताचे आहे.

जुनी रायफल घेण्यात कमीपणा मुळीच नाही. जर्मन कारखान्यांची वाल्थर किंवा अ‍ॅन्शुट्झ नीट राखली तर दुसऱ्या-तिसऱ्या नेमबाजालाही निष्ठेने साथ देते. फक्त एअर रायफलीच्या हवेच्या नळकांड्यावर कोरलेली मुदत वाचल्याशिवाय व्यवहार करू नये, कारण सुमारे 200 बार दाबाची हवा त्यात कोंडलेली असते आणि मुदत उलटलेले नळकांडे मुलाच्या गालाजवळ ठेवणे हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. वाचलेला पैसा छर्ऱ्यांसाठी, शिक्षकाच्या मानधनासाठी आणि जाकिटासाठी ठेवावा. ते जाड कॅनव्हासचे जाकीट आपल्या वैशाखात अंगावर चढविणे ही तपश्चर्याच असते, म्हणून उन्हाळ्यात सराव पहाटे ठेवावा. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिक येथे 50 मीटर प्रोनमध्ये 600 पैकी 597 गुण मिळवून विश्वविजेतेपद आणले, त्यामागे अशीच वर्षांची साठवण होती.

स्वतःच्या ‘टू टू’कडे केव्हा वळावे? एअर रायफलीवर उभ्याने साठ नेमांचा सामना मुलाने शेवटच्या नेमापर्यंत त्याच अवस्थेत, न वाकता पार पाडला, की त्याला 50 मीटरच्या रेंजवर प्रथम पालथे पडून गोळी सोडू द्यावी. परवाना होऊन रायफल पाहायला जाल तेव्हा शिक्षकाला बरोबर न्या, नळीचे तोंड उजेडात धरून कडेला खरचटले आहे का ते पाहा, आणि रिकाम्या नळीवर चाप ओढून पाहण्याची घाई करू नका, कारण कित्येक जुन्या रायफलींची पिन त्या वेळी नळीच्या कडेवर आदळून खळगा पाडते. मग टेकूवर ठेवून वेगवेगळ्या पेट्यांतील गोळ्यांचे दहा-दहांचे गट मारून घ्या. एकाच कारखान्याची, एकाच नावाची गोळी असली तरी एका खेपेची गोळी त्या नळीत घट्ट गट देते आणि दुसऱ्या खेपेची विखुरते. ज्या पेटीचा गट सर्वांत लहान पडेल, तिच्यावरचा खेपेचा क्रमांक वहीत टिपून ठेवा, आणि हंगामाच्या गोळ्या परवान्यात बसतील तितक्या त्याच खेपेच्या मागवा.