संतुलित विकास आणि मध्यम शहरे
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृह-निधीचा विनियोग मुंबई-पुण्यात करावा की जिल्ह्याच्या गावी, हा प्रश्न आज आपल्या संस्थेपुढे आहे. दिसावयास तो विटा-चुन्याचा असला, तरी त्याच्या मुळाशी प्रदेशाच्या समतोल वाढीचा विचार आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

१९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने आपल्या १९८४ च्या अहवालात रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण आदी बाबतींत महाराष्ट्रातील जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष मोजून दाखविला. ते कार्य मोलाचे होते. तथापि केवळ निधीच्या वाटपाने प्रदेश उभा राहत नाही. शेतमालास पेठ, हातांस काम, मुलांस विद्या आणि गाऱ्हाण्यास दाद या चारही गोष्टी जेथे मिळतील, असे एखादे शहर खेड्यांच्या आवाक्यात असावे लागते.

कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. १८९१ मध्ये मिरजेहून तेथे आगगाडी आली. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसविली आणि भोवतालच्या उसाच्या गुळास जवळ बाजार मिळाला. १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान आणि अस्पृश्य म्हणून दूर लोटलेल्या बांधवांच्याही मुलांसाठी तेथे वसतिगृहे निघत गेली. पुढे उद्यमनगरात ओतकाम व यंत्रकाम वाढले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून सोलापूरपर्यंतच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचू लागली. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सुमारे साडेपाच लाख होती, तर बृहन्मुंबईची सुमारे सव्वा कोटी. शहराचे मोल त्याच्या आकारावर नव्हे, तर भोवतालच्या गावांस ते किती उपयोगी पडते यावर ठरते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पंचगंगेत शहराचे सांडपाणी मिसळते आणि त्याचा त्रास खालच्या अंगाच्या गावांना होतो. गावांच्या बळावर वाढलेले शहर गावांवरच भार होऊ लागले, तर तो विकास एकांगी होय. मध्यम शहरांनी महानगरांचे दोष तेवढे उचलू नयेत.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. आम्ही स्वतः नोकरीनिमित्त मुंबईस गेलो आणि तेथलेच झालो. आमच्यासारख्यांनी गावास मनिऑर्डरी धाडल्या. पण गावाच्या वाट्याचे मनुष्यबळ काही परत गेले नाही. शिवाय लेकीला मुंबईस एकटी ठेवण्यास आजही अनेक पालक कचरतात आणि तिचे शिक्षण अर्ध्यावर थांबते. तीच मुलगी जिल्ह्याच्या शहरी शिकेल, सणासुदीस घरी येईल आणि कदाचित त्याच परिसरात शिक्षिका वा डॉक्टर म्हणून उभी राहील.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, हा निधी जिल्ह्याच्या शहरी, प्रथम मुलींच्या वसतिगृहासाठी खर्चावा, आणि त्यातील काही जागा इतर समाजांच्या गरजू मुलींसाठीही राखाव्यात. शहर काही एका ज्ञातीचे नसते. तेव्हा तेथे बांधलेले छप्परही एका ज्ञातीपुरते नसावे.