तार आपोआप वाजते तेव्हा

डोळा लवला की आपण शुभाशुभ पाहतो. रात्री पोटरीत गोळा आला की तेल चोळतो, पाय ताणतो आणि तो सुटतोही. दिवसभर नांगरामागे घाम गाळणाऱ्याला हे व्हायचंच. त्याची धास्ती नको.

पण फार थोड्या लोकांचे स्नायू थांबतच नाहीत. कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तसे ते झोपेतही हलत राहतात. पेटके येतात, घाम फार येतो, वळलेली मूठ लवकर उघडत नाही. माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी होता. वेळ संपली, तरी त्याची बोटं लेखणी सोडीनात. "मुद्दाम करतोस!" म्हणून मी त्याला चारचौघांत बोललो. पुढे डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. माझे ते शब्द मला अजून टोचतात.

हा दोष असतो कुठं? १९६१ साली जोहान्सबर्गच्या डॉ. हायम आयझॅक्स यांनी असे दोन रोगी वर्णिले. त्यांनी मज्जातंतू औषधानं बधिर केला, म्हणजे वरून येणारा निरोप अडवला. तरी स्नायू हलतच राहिला! मग मज्जातंतू आणि स्नायू यांचा सांधा क्युरारे या द्रव्यानं बंद केला. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाला लावीत, तेच हे विष. तेव्हा मात्र स्नायू शांत झाला. अर्थ उघड आहे. मेंदू निर्दोष, स्नायूही निर्दोष. मधली तारच आपोआप वाजत होती.

का वाजावी? मज्जातंतूत पोटॅशियमची सूक्ष्म दारं असतात. निरोप पुढं गेला की ती उघडतात आणि तंतू निवांत होतो. काही रोग्यांत शरीराचीच संरक्षक द्रव्यं या व्यवस्थेवर उलटतात, हे १९९० नंतर उमगलं.

आयझॅक्स यांनी फेनिटॉइन हे फेफऱ्यावरचं औषध दिलं आणि गुण आला. आजही ते वापरतात. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

तेव्हा स्नायू सारखे हलत असतील, हातपाय ताठत असतील, शक्ती कमी होत असेल, तर देवऋष्याकडे नको, दवाखान्यात जा. आणि गुरुजी, मुलाचा हात अडला तर छडीला हात घालण्याआधी त्याला एवढंच विचारा : "बाळ, काय होतंय?"